कळसूबाई: चढण्याआधी उतरण्याची वेळ ठरवा

कळसूबाईची वाट अवघड नाही. दोर लागत नाही, कातळारोहण नाही, आणि वाट चुकायची म्हटली तरी स्वच्छ हवेत ती चुकत नाही. तरीही दर मोसमात इथे माणसं रखडतात, गुडघे धरून बसतात, अंधारात मोबाईलच्या उजेडात शिड्या उतरतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, घड्याळ. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंचीचं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर एका दिवसात निवांत होतं. फक्त हिशोब शिखरापासून उलटा मांडावा लागतो: खाली किती वाजता पोहोचायचं ते आधी ठरवायचं, निघायची वेळ त्यावरून काढायची.

एक गोष्ट सुरुवातीलाच. कळसूबाई हा किल्ला नाही. वर तटबंदी, बुरूज, टाक्यांची रांग, गुहा असं काही शोधू नका. राज्यातला सर्वात उंच किल्ला बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. कळसूबाईवर आहे ते देवीचं छोटंसं मंदिर. याचा व्यवहारी अर्थ असा की माथ्यावर पावसापासून किंवा वाऱ्यापासून आडोसा जवळपास नाही. हरिश्चंद्रगडावर गुहेत शिरून पाऊस ओसरायची वाट बघता येते, तसं इथे होत नाही. हवा बिघडली की उतरायचं, एवढाच पर्याय.

पायथ्याचं गाव बारी, अकोले तालुक्यात, घोटी-भंडारदरा रस्त्यावर. वाट सुरू होते ती लगतच्या जहागीरदारवाडीतून. मुंबईकरांनी कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी करायचं आणि घोटीत महामार्ग सोडून उजवीकडे भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. नाशिककरांनाही घोटीच सोयीची. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी हा सरळ रस्ता. ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असाही जाता येतो, पण रात्री अनोळखी चालकाने मोठ्या रस्त्याने जावं. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कसारा किंवा इगतपुरी. शनिवारी रात्री कसारा स्थानकाबाहेर ट्रेकर मंडळींसाठी जीप उभ्या असतात. माणसं भरली की थेट बारीला सोडतात. परतीचं मात्र जाण्याआधीच बोलून ठेवा. दुपारनंतर बारीत उभं राहून येईल ती एसटी किंवा वडाप पकडू म्हणणाऱ्यांचे दोन तास सहज जातात.

गावात गाडी लावायचे आणि प्रवेशाचे थोडे पैसे घेतात. सुटे पैसे जवळ ठेवा. वाटेवरच्या झोपडीतही रोख लागते, कारण डोंगरावर मोबाईलला रेंज लागेलच असं नाही आणि रेंज नसताना क्यूआर कोडचा उपयोग शून्य.

आता हिशोब. बारी ते माथा उंचीतला फरक साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर. नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्याने कळसूबाईची चढाई अडीच तासांच्या आसपास येते. पण हा ठोकताळा सराव असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. शहरातून आलेल्या, महिन्यातून एकदा चालणाऱ्या गटाला चढायला तीन ते साडेतीन तास आणि उतरायला दोन ते अडीच तास धरा. माथ्यावर पाऊण तास. झाले पावणेसहा ते पावणेसात तास. त्यावर शिड्यांपाशी खोळंबा होईल तो वेगळा, आणि सुट्टीच्या दिवशी तो होतोच.

तो खोळंबा किती, याचा अंदाज बोटांवर काढता येतो. शिडीवर एका वेळी एका दिशेनेच माणसं सुरळीत जातात. चाळीस जणांचा गट पुढे असेल आणि एकेकाला शिडीच्या तोंडाशी पंधरा सेकंद लागत असतील, तर दहा मिनिटं तिथेच गेली. वरून उतरणारे समोर आले की दुप्पट. अशा मोठ्या शिड्या वाटेवर चार. म्हणून पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी नऊला बारी सोडणारा माणूस दोन वाजता माथ्यावर आणि काळोखात गावात, हे आश्चर्य नाही, साधा गुणाकार आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. बारीची वाट डोंगराच्या पूर्वेकडून चढते. म्हणजे सूर्य उगवला की पहिल्या मिनिटापासून ऊन पाठीवर. सकाळी सावली, दुपारी ऊन ही सह्याद्रीतल्या पश्चिमेकडच्या वाटांची सवय इथे उलटी आहे. झाडी आहे ती खालच्या टप्प्यात. वर उघडा कातळ आणि गवत. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर पहाटे पाचच्या आत चालायला लागावं, आणि साडेआठ-नऊपर्यंत माथा गाठावा. डिसेंबर-जानेवारीत घाई नको. त्या दिवसांत सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो आणि कोवळं ऊन हवंसं असतं. साडेसहाला निघालात तरी चालतं.

परत फिरण्याची वेळही आधीच ठरवा आणि गटातल्या सगळ्यांना सांगा. आमच्या मते साडेबारा. साडेबाराला जिथे असाल तिथून मागे वळायचं, मग शेवटची शिडी समोर दिसत असली तरी. मे महिन्यात, जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग जमून विजा होतात, आणि अशा वेळी महाराष्ट्राच्या सर्वात उंच टोकावर लोखंडी शिडी धरून उभं असणं ही वाईट जागा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. शिखर, धार, शिड्या आणि रेलिंग सोडून खाली सरका. एकटं झाड टाळा, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबून मगच पुन्हा लोखंडाला हात लावा.

वाट कशी आहे

गावातून निघाल्यावर भातखाचरांच्या कडेने आणि ओढा ओलांडून वाट डोंगराला लागते. कोरड्या दिवसांत हा ओढा लक्षातही येत नाही. जोराचा पाऊस वर झाला की पाणी गढूळ होऊन चढतं. सकाळी घोट्याएवढं होतं म्हणून संध्याकाळीही तेवढंच असेल असं धरू नका. पाणी गुडघ्याच्या वर आणि तळ दिसत नसेल तर हातात हात घालून साखळी करण्याचा पराक्रम नको. डोंगरातले हे लहान ओढे पाऊस थांबल्यावर लवकर उतरतात, काठावर बसून राहा.

पहिल्या टप्प्यात पायऱ्या आणि मंदिर लागतं. ज्यांना वर जमणार नाही असे घरातले वडीलधारे इथपर्यंत येऊन दर्शन घेऊन परत जाऊ शकतात. या टप्प्यावर सगळे जोरात असतात आणि पुढची निम्मी दमछाक इथेच विकत घेतली जाते. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. कसोटी सोपी आहे: चढताना अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. धावत जाऊन थांबायचं, पुन्हा धावायचं, यात पाय लवकर भरून येतात, कारण प्रत्येक झपाट्याला स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो. तासाभराने पाच मिनिटं थांबा, त्याहून जास्त नको; घाम गार पडतो आणि पुन्हा चालू लागताना पाय आखडलेले असतात.

मंदिरानंतर छातीवरचा चढ सुरू होतो. कातळात खोदलेल्या पावठ्या म्हणजे पायऱ्या, मुरमाड वाट, मध्ये रेलिंग, मग शिडी, मग थोडं पठार, पुन्हा चढ. हा क्रम माथ्यापर्यंत राहतो आणि तो योगायोग नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. कठीण थर उभ्या कड्यासारखे उरले, मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि पदर झाले. जिथे उभा थर आडवा येतो तिथे शिडी, जिथे मऊ थर तिथे माती, मुरूम आणि टपरी टाकण्याजोगी सपाटी. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या सर्वात खालच्या, म्हणजे जुन्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलं आहे. हे लक्षात ठेवलं तर चढताना अंदाज येतो: समोर काळा उभा पट्टा दिसला की तिथे शिडी आणि कदाचित रांग, त्याच्यावर दम खायला जागा. म्हणून पाणी प्यायला, जॅकेट काढायला शिडीच्या तोंडाशी थांबू नका. एक तर मागच्यांची वाट अडते, शिवाय वरून सुटलेला दगड तिथेच येतो.

शिड्या येण्यापूर्वी लोक साखळ्या धरून हे टप्पे चढत. आता भक्कम लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. त्यावर चालण्याचे नियम थोडे आहेत, पण मोडले की पंचाईत होते. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. याचा अर्थ हातात काठी, मोबाईल, पाण्याची बाटली काही नको. काठी घडी करून सॅकला बांधा. उंचीची भीती वाटत असेल तर उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. पुढच्या आणि आपल्यामध्ये चार-पाच पायऱ्यांचं अंतर, नाहीतर त्याचा पाय निसटला की बूट तुमच्या डोक्यावर. सॅकचे पट्टे आवळलेले, बाहेर लोंबणारी चटई किंवा चहाचा मग नको, कठड्यात अडकतात. लहान मूल असेल तर चढताना मूल पुढे आणि मोठा माणूस लगेच खाली. उतरताना मोठा माणूस आधी, मूल त्याच्यावर. आणि शिडीच्या मध्यावर फोटोसाठी थांबणाऱ्याला न लाजता पुढे व्हायला सांगावं.

पावसात लोखंड ओलं असतं, बुटाच्या तळाला चिखल लागलेला असतो आणि दोन्ही मिळून पाय सटकतो. शिडीवर चढण्यापूर्वी बूट दगडावर घासून चिखल काढा. दहा सेकंदांचं काम आहे. थंडीत पहाटे उघड्या हाताने लोखंड धरवत नाही, तेव्हा पातळ पकड असलेले हातमोजे कामाला येतात. लोकरीचे नकोत, ते घसरतात.

शेवटच्या शिडीआधी एक पठार लागतं. तिथे विहीर आहे. पाणी असतं, पण उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या भरवशावर राहू नये, आणि कोणत्याही मोसमात ते गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबून मगच प्यावं. इतक्या वर्दळीच्या जागेचं उघडं पाणी तसंच प्यायचं धाडस करू नका. धुक्यात चुकायची शक्यता असलेली जागाही हीच. इतरत्र वाट एकाच धारेवर बांधलेली आहे, पठारावर ती पसरते. चढताना इथे मागे वळून परतीची वाट कशी दिसते ते पाहून घ्या, कारण उतरताना डोळ्यांना तेच चित्र लागणार असतं. नकाशा मोबाईलमध्ये घरूनच उतरवून ठेवा.

माथा छोटा आहे. मंदिरात दोन-तीन माणसं कशीबशी मावतात. कळसूबाई ही परिसरातल्या महादेव कोळी समाजाची आणि आसपासच्या गावांची देवी. गावची आख्यायिका अशी की ती पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. ती कामं माथी मारली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. अट मोडल्यावर काम सोडणारी देवी मला तरी फार आवडते. नवरात्रात इथे यात्रा असते. त्या दिवसांत शांत ट्रेकची अपेक्षा ठेवून जाऊ नये. दर्शनाला येणाऱ्यांचा पहिला मान, आणि त्यांतल्या अनवाणी आजी आपल्यापेक्षा लवकर वर पोहोचतात.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यामागे रतनगड, त्याच दिशेला आणखी लांब हरिश्चंद्रगडाचा पसारा, पूर्वेकडे बितनगड आणि ईशान्येला पट्टा. हे सगळं ओळखायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीतली सकाळ. मार्चनंतर धुरकट होतं, पावसाळ्यात बहुतेक वेळा ढगच. माथा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असतो, कारण उंचीबरोबर तापमान दर शंभर मीटरला सुमारे ०.६ अंशाने घटतं, शिवाय वारा. घामेजलेल्या अंगाला तो वारा लागला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. वर पोहोचल्यावर पहिलं काम फोटो नव्हे, अंगावर जॅकेट.

पाणी, खाणं आणि सॅक

थंडीत माणशी दोन लिटर, ऑक्टोबरात आणि उन्हाळ्यात तीन. पावसाळ्यात तहान जाणवत नाही म्हणून लोक अर्धा लिटरवर भागवतात आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. घाम तेव्हाही येत असतो, फक्त पावसात कळत नाही. दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, एकदम बाटली नको. नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. ओआरएसची पुडी विसरली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाटच. मीठ जास्त झालं तर उलटी होते.

नाश्ता निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. बारीत सुट्टीच्या दिवशी पहाटेही पोहे-चहा मिळतो. वाटेत मुठीएवढं काहीतरी दर तासाला: खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, दशमी. वेफर्सची पुडकी जागा खातात, ताकद देत नाहीत, आणि त्यांच्या आवाजाला माकडं येतात. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही, हातात खाणं घेऊन फिरायचं नाही.

डोंगरावरच्या झोपड्यांत लिंबू सरबत, चहा, कांदाभजी, कुठे पिठलं-भाकरी मिळते. हा रोजगार गावातल्या मावशी आणि पोरं डोक्यावर सामान वाहून चालवतात. पाण्याची बाटली वर महाग असते, कारण ती कुणीतरी नऊशे मीटर वर उचलून आणलेली असते. घासाघीस करू नये. मात्र झोपड्या गर्दीच्या दिवशीच भरवशाच्या; मंगळवारी-बुधवारी जाणार असाल तर वर काही मिळणार नाही असं धरूनच निघा.

सॅक पाणी धरून चार-पाच किलोच्या वर जाऊ नये. त्यात पाणी आणि खाणं, वारा अडवणारं जॅकेट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा टी-शर्ट आणि मोजे, टोपी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, स्वतःची औषधं, शिट्टी, आणि दिवसाचा ट्रेक असला तरी डोक्याला बांधायची विजेरी. मोबाईलचा टॉर्च चालणार नाही. तो धरायला एक हात जातो आणि शिडीवर तो हात हवा असतो.

पावसाळ्यात सॅकचं बाहेरचं कव्हर पुरत नाही, पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत एक जाड मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात ठेवा. पोंचो घोळदार असतो, वाऱ्यात तोंडावर येतो आणि शिडीवर पायात अडकतो. इथे जॅकेटच बरं. जीन्स तर नकोच. भिजली की जड होते, गुडघा वाकवू देत नाही आणि ओली गार राहते. भिजलेलं सुती कापड, वारा आणि रिकामं पोट एवढ्यावर सह्याद्रीतही शरीराचं तापमान धोकादायक उतरू शकतं. कुणी थरथरता थरथरता गप्प झालं, अडखळत बोलू लागलं, तर त्याला ओले कपडे बदलायला लावा, गोड गरम द्या आणि खाली आणा.

उतरताना

गडबड बहुतेक इथे होते. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून मांड्या थकल्याचं कळत नाही. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलून धरतो, आणि हे काम त्याला चढण्यापेक्षा जास्त दुखावतं. तासाभराने पाय लटपटू लागतात, मग भार गुडघ्यावर येतो, आणि शेवटच्या सोप्या वाटेवर घोटा मुरगळतो.

उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी माथ्यावर बुटाच्या नाड्या सोडून टाच मागे आपटून बसवा आणि घोट्याजवळ आवळून बांधा. नाहीतर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि दोन दिवसांनी नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला. उंच पायरीवरून उडी नको. काठी असेल तर चढतानापेक्षा चार-पाच बोटं लांब करा आणि पाऊल टाकण्याआधी ती टेका.

जमिनीप्रमाणे चाल बदलावी लागते. मुरमाच्या घसाऱ्यावर टाच रुतवत उतरायचं. मागे रेललात तर पाय निसटून बैठक बसते. ओल्या कातळावर उलट, अख्खा तळवा सपाट टेकवायचा म्हणजे रबराला पकड मिळते. काळपट-हिरवं चकाकणारं शेवाळ दिसलं तर कितीही चांगला बूट असो, पाऊल दुसरीकडे. पावसाळा संपल्यावर वाटेच्या कडेचं वाळलेलं आडवं गवतही फसवं, खाली कातळ असला तर सतरंजीसारखं सरकतं. गुळगुळीत तळाचे पळायचे बूट कोरड्या थंडीत चालून जातात, जुलैत नाही.

गटात सर्वात हळू चालणारा पुढून दुसरा हवा आणि सर्वात अनुभवी माणूस शेवटी. हळू चालणारा मागे पडला की पुढचे थांबतात, तो पोहोचताच पुढचे उठतात, आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढू नका. सूज चढली की परत घालता येत नाही. नाडी थोडी सैल करून, वरून क्रेप बँडेज आवळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळा आणि दोघांच्या आधाराने उतरा. पाय टेकवतच नसेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर मात्र स्वतः ओढत आणण्याआधी १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि वाटेवरच्या झोपडीत सांगा. गावातल्या पोरांना हा डोंगर तोंडपाठ आहे.

दोन जिवंत धोके. कड्यांना आग्यामोहळं असतात. अत्तर, परफ्युम, धूर आणि आरडाओरडा त्यांना चालत नाही. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-डोकं कापडाने झाका आणि त्या जागेपासून दूर निघत राहा; शिडीवर असाल तर आधी शिडी पार करा. दुसरं, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. दगडांच्या सांदीत हात घालण्याआधी बघा, गवतात बसण्याआधी काठी आपटा. चावलं तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हातपाय हलू न देता माणसाला उचलून रुग्णालयात न्यायचं.

कधी जावं

एकच दिवस निवडायचा तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला मधल्या वारी येणारा दिवस. ओढे वाहत असतात, उतार सोनकीने पिवळे असतात, तेरडा असतो, ढग उघडझाप करतात. गर्दी नकोशी असेल तर डिसेंबर-जानेवारी. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार नवख्यांनी टाळावेत; धबधबे रस्त्यावरूनही दिसतात. त्या काळात प्रशासन कधी कधी पर्यटनस्थळांवर बंदीही घालतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात काजव्यांसाठी गर्दी उसळते आणि घोटी-शेंडी रस्ता रात्री तुंबतो. काजवे आणि कळसूबाई एकाच रात्रीत करायचा बेत आखू नका.

सूर्योदयासाठी रात्री चढण्याची टूम आहे. त्यात उन्हाचा प्रश्न सुटतो आणि झोपेचा उभा राहतो. दिवसभर नोकरी, चार तास गाडी, दोन वाजता चढाई, सातला उतरणं, आणि मग त्याच चालकाने कसारा घाट उतरून मुंबई गाठायची: यातला सर्वात धोक्याचा भाग डोंगर नाही, गाडी आहे. रात्री जायचंच असेल तर बारीत मुक्काम करून तीन-चार तास झोपा, किंवा न चढणारा चालक घ्या. जानेवारीत दोनला निघून पाचला माथ्यावर पोहोचलात तर सूर्यासाठी दोन तास वाऱ्यात कुडकुडावं लागतं. साडेतीनला निघणं पुरे.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. शेकोटी, स्पीकर, फटाके यांना जागा नाही. कचऱ्याची पिशवी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा म्हणजे ती खरंच वापरली जाते.

बारीची वाट झालेल्यांसाठी उत्तरेकडून, इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावातून एक चढ आहे. तो जास्त खडा, कमी वापरातला, वर्दळ आणि टपऱ्या नसलेला. पहिल्यांदा जाताना गावातला वाटाड्या घ्यावा, पाऊस संपून कातळ वाळल्यावरच जावं, आणि उतरायचं बारीकडूनच. गाडी मात्र इंदोऱ्यात लावून ठेवू नका, डोंगराच्या पलीकडे अडकेल. इंदोऱ्यात सोडून बारीत घ्यायला येणारी जीप घोटीत ठरवता येते.